माती ओळखणारा संचालक

आपल्या सार्वजनिक स्मृतीत धरणे बांधणाऱ्यांची नावे टिकतात, माती समजून घेणाऱ्यांची सहसा टिकत नाहीत. मी राहतो त्या बेंगळुरूत विश्वेश्वरय्यांचे नाव संग्रहालयाला आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयालाही आहे. त्यांच्याच काळात म्हैसूर संस्थानाच्या शेतीला शास्त्रीय पाया देणारे लेस्ली कोलमन मात्र शेतीशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत. खतांच्या अनुदानावर वाद सुरू झाला की मला हमखास त्यांची आठवण होते.

कोलमन १८७८ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतात जन्मले. टोरांटोत शिक्षण घेऊन ते जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे त्यांचा अभ्यासविषय होता मातीतील नत्रीकरण. जमिनीतील सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि पिकाची मुळे ते शोषून घेतात. या जिवाणूंना हवा, ओलावा आणि फारशी आम्ल नसलेली जमीन लागते. तेव्हा माती हे खत ओतण्याचे निर्जीव भांडे नव्हे, हे कोलमन भारतात येण्यापूर्वीच प्रयोगशाळेत शिकले होते.

१९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात कवकशास्त्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. बेंगळुरूजवळच्या हेब्बाळ येथे प्रयोगक्षेत्राची सुरुवात त्याआधीच झाली होती. राज्याचा कारभार पाहणाऱ्या महाराणी केंपनंजम्मणी यांनी १८९९ मध्ये त्यासाठी ३० एकर जमीन दिली होती. डॉ. लेहमन या रसायनशास्त्रज्ञाकडे तेथे जमीन आणि पीक यांच्या संबंधाचा अभ्यास सोपवलेला होता.

कोलमन यांना पहिले मोठे यश मलनाडच्या सुपारीबागांत मिळाले. पावसाळ्यात घड कुजवणाऱ्या कोळेरोगाचे कारण त्यांनी शोधले आणि मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी बागायतदारांपर्यंत नेली. कोकणातील बागायतदारालाही हा उपाय अनोळखी नाही. १९१३ मध्ये संस्थानाचे स्वतंत्र कृषी खाते उभे राहिले आणि कोलमन त्याचे पहिले संचालक झाले. हेब्बाळची कृषिशाळा, बाळेहोन्नूरचे कॉफी संशोधन केंद्र आणि मंड्याचा साखर कारखाना यांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९३४ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा वारसा निखळ गौरवाचा आहे, असे मी म्हणणार नाही. कालव्याच्या पाण्यावरील उसाने मंड्याला समृद्धी दिली खरी. परंतु निचऱ्याची सोय न करता पाणी देत राहिले की जमीन क्षारपड होते, हे सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही कोलमन यांच्या कामाची रीत आज अधिक मोलाची वाटते. कारण शोधायचे, त्यावरचा उपाय शेतावर पडताळायचा आणि मगच तो शेतकऱ्याला सांगायचा, अशी ती रीत होती.

हेब्बाळच्या त्या प्रयोगक्षेत्राच्या परंपरेतूनच पुढे बेंगळुरूचे कृषी विद्यापीठ उभे राहिले. तेथील तांबड्या जमिनीत १९८६ पासून नाचणी आणि मक्यावर दीर्घकालीन खतप्रयोग चालू आहे. नुसते नत्र दिलेल्या तुकड्यांत जमीन आम्लधर्मी होत गेली आणि उत्पादन ढासळले. संतुलित रासायनिक खतांबरोबर शेणखत मिळालेल्या तुकड्यांत मात्र ते उत्तम राहिले. कोलमन यांनी तरुणपणी अभ्यासलेली प्रक्रियाच येथे कारणीभूत आहे, कारण अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते.

आपले धोरण याच्या उलट दिशेने चालते. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, पण युरिया त्यातून वगळला गेला. परिणामी स्फुरद आणि पालाशाच्या तुलनेत नत्र स्वस्त राहिले. २०१५ मध्ये मृदा आरोग्यपत्रिका आली. तिच्यात १२ घटकांची तपासणी असते. पण पत्रिका एक सांगते आणि दुकानातील भाव दुसरेच सांगतो. अशा वेळी शेतकरी भावाचे ऐकतो, यात त्याचा दोष नाही.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग कर्नाटकानेच दाखवला आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘भूचेतना’ कार्यक्रमात माती तपासून गंधक, जस्त आणि बोरॉन यांची उणीव शोधली गेली आणि त्यानुसार खताची शिफारस झाली. असे काम टिकवायचे तर युरियालाही त्याच अनुदानसूत्रात आणावे लागेल. शेतकऱ्याच्या हाती पडणारी मदत कमी न करता, तो कोणते खत घेईल हा निर्णय मात्र त्याच्या मातीच्या गरजेवर सोपवावा लागेल. शिवाय तालुक्याच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षित माणूस हवा आणि गावात पत्रिका समजावून सांगणारा कृषी सहायकही हवा. संस्थानी काळातील मर्यादित साधनांच्या खात्याला जी रीत जमली, ती आजच्या प्रजासत्ताकाला न जमण्याचे कारण नाही.