शाळेची परीक्षा घेऊन परतताना...

वैनगंगेकाठची पवनी ज्या भोसल्यांच्या राज्यात मोडत होती, त्या राज्याच्या राजधानीत, नागपुरात, १८४५ च्या प्रारंभी एक तरुण स्कॉटिश मिशनरी दाखल झाला. स्टीफन हिस्लॉप हे त्यांचे नाव. स्कॉटलंडमधील डन्स या गावी १८१७ साली जन्मलेल्या हिस्लॉप यांना फ्री चर्चने धर्मप्रसारासाठी येथे पाठविले होते.

त्यासाठी त्यांनी आधी मराठी आत्मसात केली आणि १८४६ मध्ये शाळा काढली. धर्म स्वीकारणारे मोजकेच निघाले; पण शिक्षणाची ओढ असलेली मुले येत राहिली. अध्यापन आणि गावोगावच्या दौऱ्यांतून वेळ काढून हिस्लॉप दगड व जीवाश्म गोळा करीत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूगर्भावरील निबंध १८५५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. गोंडांची भाषा व कथाही त्यांनी टिपून ठेवल्या.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेलेले हिस्लॉप एका शाळेची परीक्षा घेण्यासाठी थांबले. परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. त्या वेळी ते ४५ वर्षांचे होते.

त्यांची गोंडविषयक टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रकाशित केली. १८८३ मध्ये नागपुरात सुरू झालेले महाविद्यालय हिस्लॉप यांच्याच नावाने ओळखले जाते. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाला विदर्भाने स्मरणात ठेवले, ते शिक्षक म्हणून.