सर जॉन व्हॅनब्रू : कॅसल हॉवर्डचे स्थपति

भव्य वास्तु पाहिली म्हणजे ती कोणाच्या मालकीची हें आपण प्रथम विचारतों. ती प्रथम कोणाच्या मनांत उभी राहिली हें क्वचितच विचारतों. इंग्लंडांत यॉर्कशायर प्रांतीं कॅसल हॉवर्ड नांवाचा एक विख्यात प्रासाद आहे. त्याचे स्थपति सर जॉन व्हॅनब्रू ह्यांचें अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

व्हॅनब्रू ह्यांचा जन्म १६६४ सालीं लंडन येथें एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. त्याच वर्षाच्या आरंभीं शिवाजी महाराजांनीं सुरतेवर स्वारी केली, हें आमचे विद्यार्थी जाणतातच. पुढें १६८३ मध्यें व्हॅनब्रू ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत त्याच सुरतेच्या वखारींत दाखल झाले. त्या स्वारींत वखारीचें रक्षण करणारे सर जॉर्ज ऑक्झेंडन ह्यांची घुमटाची टोलेजंग कबर तेथील इंग्रजी कबरस्तानांत आहे. तें कबरस्तान व्हॅनब्रूंच्या मनांत कायमचें ठसलें. १७११ सालीं लंडनांत पन्नास नवीं ख्रिस्तमंदिरें बांधण्याचा विचार चालला असतां, मृतांस मंदिरांत न पुरतां गांवाबाहेर पुरावें, अशी सूचना करून त्यांनीं सुरतेच्या कबरस्तानाचें रेखाचित्र तिला जोडलें.

सुरतेहून परतल्यावर ते सैन्यांत शिरले. १६८८ मध्यें फ्रेंचांनीं त्यांस कॅले येथें पकडलें आणि सुमारें चार वर्षें कैदेंत ठेविलें. त्यांतील कांहीं काळ पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगांत गेला. सुटकेनंतर त्यांनीं नाटकें लिहिलीं व लंडनच्या रंगभूमीवर मोठें नांव मिळविलें.

१६९९ सालीं कार्लाइलचे अर्ल ह्यांनीं आपल्या नव्या प्रासादाचा आराखडा करण्याचें काम त्यांस सांगितलें. त्या वेळीं व्हॅनब्रूंचें वय पस्तीस वर्षांचें होतें आणि त्यांनीं पूर्वीं एकहि इमारत बांधलेली नव्हती! परंतु आपणांस काय येत नाहीं हें ते ओळखून होते. सर ख्रिस्तोफर रेन ह्यांच्या हाताखालीं तयार झालेले निकोलस हॉक्समूर ह्यांस त्यांनीं साह्यास घेतलें. एकाची कल्पना व दुसऱ्याचें कसब ह्यांच्या संयोगानें तो प्रासाद आकारास आला. मध्यभागीं उंच दिवाणखाना, त्यावर घुमट आणि दोहों बाजूंस पसरलेल्या इमारती, अशी त्याची रचना आहे. खाजगी घरावर एवढा घुमट इंग्लंडांत तोंवर कोणीं पाहिला नव्हता.

पुढें १७०५ मध्यें मार्लबरोचे ड्यूक ह्यांच्यासाठीं ब्लेनिम प्रासादाचें काम त्यांनीं आरंभिलें. तेथें मात्र खर्चावरून व आराखड्यावरून डचेस सारा ह्यांच्याशीं त्यांचें बिनसलें आणि १७१६ सालीं त्यांस काम सोडावें लागलें. १७२५ मध्यें कार्लाइलांच्या मंडळींसह ते सपत्नीक ब्लेनिम पाहण्यास गेले, तेव्हां डचेसनें त्या उभयतांस आंत सोडूं नये अशी सक्त आज्ञा देऊन ठेविली होती. ज्यानें तो प्रासाद रचिला, त्यालाच त्याच्या दारांतून परत फिरावें लागलें! दुसऱ्याच वर्षीं, २६ मार्च १७२६ रोजीं, त्यांचें देहावसान झालें.

कॅसल हॉवर्डहि त्यांच्या डोळ्यांदेखत पुरा झाला नाहीं. पश्चिमेकडील भाग पुढें दुसऱ्यानें निराळ्या धर्तीवर बांधिल्यामुळें त्याच्या दोन्ही बाजू आजहि सारख्या दिसत नाहींत. नोव्हेंबर १९४० मध्यें, युद्धकाळांत तेथें एक मुलींची शाळा आश्रयास असतां, प्रासादास आग लागली व घुमट कोसळला. परंतु १९६० नंतर तो पूर्वीसारखाच पुनः उभारण्यांत आला.

आज ब्लेनिमचीं दारें सर्वांस उघडीं आहेत, आणि तेथें येणारे लोक व्हॅनब्रूंचें नांव आदरानें घेतात. विद्यार्थिमित्रांनो, नवें काम अंगावर आलें असतां आपलें अज्ञान झांकूं नये; जाणत्याचा हात धरावा आणि काम नेटानें करावें. मान मिळणें आपल्या हातीं नसतें; काम चांगलें करणें मात्र असतें.