वायूचा हिशेब मांडणारे जॅक शार्ल

मी एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहीत आहे. ते फार लांबच्या देशातले आहेत. पण त्यांचे काम आपल्या लातूर-नांदेडच्या वावरापर्यंत आले आहे. कसे ते शेवटी सांगतो.

फ्रान्स देशात लुआर नदीच्या काठी बोजाँसी नावाचे गाव आहे. तेथे १२ नोव्हेंबर १७४६ रोजी जॅक शार्ल यांचा जन्म झाला. मोठ्या वर्गाच्या विज्ञानाच्या पुस्तकात चार्ल्सचा नियम असतो, तो यांचाच. इंग्रजीत चार्ल्स म्हणतात, फ्रेंच लोक शार्ल म्हणतात. माणूस एकच.

शार्ल आधी पॅरिस शहरात सरकारी खजिन्याच्या कचेरीत कारकून होते. पण त्यांना विज्ञानाची लई आवड लागली. ते प्रयोग शिकले आणि लोकांसमोर करून दाखवू लागले. ते बघायला खूप गर्दी होई.

१७८३ सालच्या जून महिन्यात माँगोल्फिए नावाच्या दोन भावांनी गरम हवा भरून मोठा फुगा आकाशात सोडला. ती बातमी पॅरिसला आली. शार्ल यांनी वेगळा विचार केला. हायड्रोजन नावाचा वायू हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका असतो. १७६६ साली इंग्लंडच्या कॅव्हेंडिश यांनी तो ओळखला होता. मग तोच फुग्यात भरला तर? रोबेर नावाच्या दोन कारागीर भावांनी रेशमी कापडावर रबराचा लेप देऊन फुगा शिवला. लोखंडाच्या चुऱ्यावर तेजाब ओतले की हायड्रोजन निघतो. सुमारे अर्धा टन लोखंड आणि पाव टन तेजाब लागले. वायू शिशाच्या नळीतून फुग्यात सोडला.

पण फुगा काही लवकर भरेना! वायू तयार होताना गरम असे आणि आत जाऊन थंड झाला की आक्रसून जाई. म्हणजे वायू गरम झाला की फुगतो आणि गार झाला की आक्रसतो. पुढे शार्ल यांनी याच गोष्टीचा हिशेब मांडला.

२७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसच्या मैदानातून तो फुगा सोडला. आत माणूस नव्हता. पाऊण तास उडून तो सुमारे २१ किलोमीटरवर गोनेस नावाच्या खेड्यात पडला. तिथल्या शेतकऱ्यांनी असले काही कधी पाहिले नव्हते. आकाशातून राक्षसच आला असे त्यांना वाटले. ते घाबरले आणि दाताळी, चाकू घेऊन धावले. फुगा फाडून टाकला. मला वाटते, ती माणसे वाईट नव्हती. त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते. मग सरकारने पत्रक काढून लोकांना कळवले की आकाशात असा फुगा दिसला तर भिऊ नका, त्याने काही अपाय होत नाही.

त्यानंतर १ डिसेंबर १७८३ रोजी शार्ल स्वतः फुग्याखाली टांगलेल्या पाळण्यात बसले. बरोबर धाकटे रोबेर होते. लाखो माणसे बघायला जमली होती. हायड्रोजनच्या फुग्यातून माणूस पहिल्यांदाच उडाला. ते दोन तास उडाले आणि सुमारे ३६ किलोमीटर दूर नेल नावाच्या गावी उतरले. सूर्य मावळला होता. रोबेर खाली उतरले आणि शार्ल एकटेच पुन्हा वर गेले. वजन कमी झाल्यामुळे फुगा भरभर सुमारे ३००० मीटर चढला. तिथून त्यांना मावळलेला सूर्य पुन्हा दिसला! पण थंडी फार होती आणि कान दुखू लागले. वर हवेचा दाब कमी असतो म्हणून तसे होते. दाब कमी झाला की फुग्यातला वायूसुद्धा जास्त फुगतो. शार्ल यांनी हे आधीच जाणले होते. म्हणून त्यांनी फुग्याला वरून झडप ठेवली होती. ती दोरीने उघडून वायू सोडला आणि ते सुखरूप खाली आले. मात्र पुन्हा ते कधी फुग्यात बसले नाहीत.

पुढे १७८७ च्या सुमारास त्यांनी वेगवेगळे वायू सारख्याच मापाने घेतले आणि सारखेच तापवले. सगळे वायू सारखेच फुगले. हाच त्यांचा नियम. नंतरच्या शास्त्रज्ञांनी आणखी बारीक मोजमाप केले. ० अंशाला वायूची २७३ मापे घेतली, तर प्रत्येक अंशाला १ माप वाढते. पण बाहेरचा दाब तेवढाच राहिला पाहिजे.

आता एक उदाहरण सोडवू. हिवाळ्यात पहाटे १२ अंश तापमान आहे. तेव्हा फुग्यात २८५ लिटर वायू आहे. नांदेडच्या मे महिन्यात दुपारी ४२ अंश झाले तर किती होईल?
२७३ + १२ = २८५
२७३ + ४२ = ३१५
म्हणून उत्तर ३१५ लिटर. ३० अंश वाढले आणि ३० लिटर वाढले. बेरीज आली की झाले!

सायकलच्या ट्यूबचे मात्र वेगळे आहे. टायरमुळे तिला फुगायला जागा नसते, म्हणून आतला दाब वाढतो. उन्हाळ्यात हवा ठासून भरली आणि सायकल उन्हात ठेवली तर ट्यूब फुटते ती यामुळेच.

शार्ल यांनी आपला नियम छापलाच नाही. १८०२ साली गे-ल्युसॅक नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने तसेच प्रयोग करून छापले. पण शार्ल यांनी हे आधी केले होते हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. म्हणून नियमाला शार्ल यांचे नाव राहिले. ७ एप्रिल १८२३ रोजी पॅरिसमध्ये शार्ल वारले.

आता आपल्याकडचे सांगतो. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. ती १९४५ साली होमी भाभा यांनी सुरू केली. या संस्थेचे केंद्र हैदराबादला आहे. तिथून रात्री किंवा पहाटे हायड्रोजनचे मोठमोठे फुगे सोडतात. ते ३० ते ४० किलोमीटर उंच जातात. त्यांना आकाशाचा अभ्यास करणारी यंत्रे बांधलेली असतात. सोडताना फुगा थोडाच भरतात. कारण ३० किलोमीटरवर हवेचा दाब इथल्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढाच असतो, तेव्हा तो आपोआप फुगून मोठा होतो. काम झाले की यंत्रे रंगीत छत्रीने खाली येतात. ती जिथे पडू शकतात त्या जिल्ह्यांत लातूर, नांदेड, धाराशिव ही नावे आहेत.

म्हणून पालकांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या वावरात छत्री, पेटी किंवा पातळ प्लास्टिकचा मोठा ढीग पडलेला दिसला तर घाबरू नका. उघडू नका, तोडू नका, घरी नेऊ नका. यंत्रात जोराची वीज असू शकते. फुग्याजवळ विडी-काडी पेटवू नका, कारण हायड्रोजन लगेच पेट घेतो. लेकरांना लांब ठेवा आणि पोलीस ठाण्याला किंवा पोस्टाला कळवा. पेटीवर पत्ता असेल तर तिथेही कळवा. यंत्र न तोडता कळवणाऱ्याला संस्था बक्षीस देते. यंत्र फोडले तर शास्त्रज्ञांची सारी मेहनत वाया जाते.

गोनेसच्या लोकांना आधी कोणी सांगितले नव्हते. आपल्याला आता माहीत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे घरी जाऊन सांगा.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा