प्रमोशन नाकारलं म्हणून मास्तर बेळगावला परतले आणि शेतात लोखंडी नांगर आला

रब्बीच्या दिवसांत मेहकरला मोटार रिवाइंडिंगच्या एखाद्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन शेतकरी येत असतात. कुणाची वाइंडिंग जळालेली असते, कुणाचं बेअरिंग गेलेलं असतं, तर कुणाच्या पंपाचा शाफ्ट घासलेला असतो. वाइंडिंग दुकानातच भरून मिळते. शाफ्ट मात्र लेथवाल्याकडे न्यावा लागतो.

आता हा लेथ बघा. तालुक्याच्या गावातला लेथ बहुतेक वेळा सेकंडहँड असतो. तो विकत घेताना जाणकार माणूस रंगाला भुलत नाही. आधी तो बेडवर बोट फिरवून बघतो, कारण चकजवळच्या भागात काम जास्त होतं आणि बेड तिथेच आधी झिजतो. मग स्पिंडलला डायल गेज लावून काटा किती हलतो ते मोजतो. हँडल उलटं फिरवलं की ते किती रिकामं फिरतं, यावरून स्क्रू आणि नट किती झिजलेत ते कळतं. शेवटी मशीन चालू करून गिअरचा आवाज ऐकायचा. झिजलेला बेड ग्राइंड करता येतो, नट आणि बेअरिंगही बदलता येतात. ओतीव लोखंडाला तडा गेला असेल, तर मात्र सौदा सोडून द्यायचा.

अशा जुन्या लेथवरची नेमप्लेट पुसून बघितली, तर बऱ्याचदा एक नाव सापडतं, म्हैसूर किर्लोस्कर, हरिहर. बाजूला दुरुस्तीला आलेल्या पंपावरही किर्लोस्कर लिहिलेलं असू शकतं.

ज्या माणसामुळे हे नाव मशीनवर आलं, तो घरातून निघाला होता चित्रकार व्हायला. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

रंग नीट दिसेनात

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील वेदांताचे अभ्यासक. पण पोराचं मन ना पोथीत रमायचं ना शाळेच्या पुस्तकात. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रं आणि यंत्रं.

थोरल्या भावाच्या मदतीने 1885 साली लक्ष्मणराव मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं, की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकाराच्या दृष्टीने विषयच संपला.

पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी पेंटिंग सोडलं आणि ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, म्हणजे यंत्रांची मापात काढलेली चित्रं. त्याच सुमारास मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं होतं. आज आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो, तेच. तिथे ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला लागले.

दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वर्कशॉपमध्ये यंत्रं समजून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता झाला. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे काही शिकले ते यंत्रं उघडून, पुन्हा जोडून आणि परदेशी तांत्रिक मासिकं वाचून.

सायकलचं दुकान

त्या काळी सायकल म्हणजे चैनीची वस्तू. मुंबईत साहेब लोक ती चालवताना दिसायचे. लक्ष्मणरावांनी ती चालवायला शिकून घेतली आणि त्यात धंदा ओळखला. ते मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे, तिथे त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. एकेका सायकलची किंमत 700 ते 1,000 रुपये, शिवाय चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे. विक्रीबरोबर दुरुस्तीही आलीच. 1888 साली सुरू झालेलं हे छोटं दुकान किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात मानलं जातं.

लक्ष्मणराव मात्र अजून मुंबईत नोकरीच करत होते. तेवढ्यात 1897 साल उजाडलं. प्रमोशनची वेळ आली, हक्क त्यांचा होता, पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. काम तेच, अनुभव जास्त, तरी डावललं गेलं. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

40 नांगर पडून राहिले

बेळगावात त्यांनी सायकलीबरोबर पवनचक्क्याही विकल्या. पण दुसऱ्याचा माल विकण्यात त्यांचं मन लागत नव्हतं. स्वतः काहीतरी बनवायचं होतं. आजूबाजूला सगळी शेती, म्हणून वस्तूही शेतकऱ्याच्या कामाची हवी होती. पहिलं यंत्र झालं हाताने चालवायचं, कडबा कापायचं. त्यानंतर हातात घेतला लोखंडी नांगर.

लोखंडी नांगराची गरज काय होती, तेही समजून घेऊ. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती पलटी करत नाही. हरळी, कुंद्यासारख्या तणांची मुळं खाली तशीच राहतात. लोखंडी नांगराला वळणदार पंख असतो. तो खोल जातो, मातीचा थर उचलतो आणि उलटा टाकतो. तण वर येऊन उन्हात वाळतं आणि पावसाचं पाणी खोल मुरतं. परदेशी लोखंडी नांगर तेव्हा भारतात मिळत होते. लक्ष्मणरावांना इथल्या जमिनीला आणि इथल्या बैलांना झेपेल असा नांगर करायचा होता.

नांगर तयार झाले. आणि कुणीही ते घेईना.

लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता. आज आपल्याला हसू येईल, पण शेतकऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर नीट करून द्यायचा. हा लोखंडी नांगर ऐन नांगरटीत मोडला, तर तो कुठे घेऊन जायचा? शिवाय ओढायला बैलांच्या जोड्याही जास्त लागायच्या. एक हंगाम हुकला तर वर्षभर घर उपाशी. असा माणूस नव्या वस्तूवर सहजासहजी विश्वास कसा ठेवणार?

पहिले 40 नांगर खपायला दोन वर्षं लागली.

कर्ज काढून उभ्या केलेल्या कारखान्यासाठी दोन वर्षं म्हणजे मरणाचा काळ. पण लक्ष्मणराव शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे झाले नाहीत. यंत्र इथल्या मातीत चालतंय का, हीच त्याची खरी परीक्षा, असा त्यांचा हिशोब होता. शेतकरी काय म्हणतात ते ऐकायचं, नांगर पुन्हा पाहायचा आणि त्यात सुधारणा करायची. पुढे हाच नांगर किर्लोस्करांची ओळख बनला.

निवडुंगाचा माळ

जरा कुठे बस्तान बसतंय तोच दुसरा धक्का बसला. कारखाना ज्या जागेवर होता ती जागा बेळगाव नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी हवी होती. ती खाली करायचा हुकूम आला. यंत्रं, माणसं, अर्धवट तयार माल, सगळं उचलून कुठे जायचं हा प्रश्न होता.

त्याच काळात लक्ष्मणराव औंधला होते. तिथल्या देवीच्या देवळाच्या सभामंडपाचं काम त्यांनी घेतलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो. लक्ष्मणरावांची अडचण त्यांच्या कानावर गेली. त्यांनी संस्थानातल्या कुंडल गावाजवळची 32 एकर जमीन दिली आणि वर 10,000 रुपयांचं कर्जही दिलं.

जमीन कशी होती? पाण्याचा पत्ता नाही, सगळीकडे निवडुंग आणि बिळाबिळात नाग. जमेची बाजू एकच, जवळून रेल्वे जात होती आणि कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं. 10 मार्च 1910 रोजी या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

माणसंही लक्ष्मणरावांनी कागद बघून निवडली नाहीत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कामात तरबेज निघाले. शंभूराव जांभेकरांनी कारखाना सांभाळला, मंगेशराव रेगेंनी हिशोब आणि रामूअण्णांनी गावाची आखणी. राखणदार कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांचंही नाव दरोडेखोर म्हणून झालेलं. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हातात वाडीची राखण दिली आणि दोघांनी ती शेवटपर्यंत इमानाने केली.

वाडीत शिवाशिव चालणार नाही, असाही लक्ष्मणरावांचा नियम होता. 1910 च्या दशकात आणि तेही खेड्यात हे सोपं नव्हतं. निवडुंगाच्या माळावर घरं उभी राहिली, बागा झाल्या, शाळा आली. देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये किर्लोस्करवाडीचं नाव घेतलं जातं. पुढे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘कॅक्टस अँड रोझेस’. त्यातला कॅक्टस म्हणजे निवडुंग आणि रोझेस म्हणजे गुलाब.

तोफांचे नांगर

1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर येणं बंद झालं आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण कच्चं लोखंड आणि कोळसाही मिळेना. ऑर्डरी आहेत आणि ओतायला लोखंड नाही, अशी गत झाली.

तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, असं सांगितलं जातं. कोल्हापूर-सांगली भागात ही गोष्ट आजही अभिमानाने सांगतात. ओतीव लोखंडाचा गुणच असा, की जुनं वितळवून नवं ओतता येतं. भंगार म्हणून टाकून द्यायचं काय आणि कामाला लावायचं काय, हे बघणाऱ्याच्या नजरेवर असतं.

15 जानेवारी 1920 रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं आणि पंप बनू लागले. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. ते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी चालवलं. सुरुवातीला कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ नावाने घराघरात गेलं. त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. नांगर बनवणाऱ्या कारखान्याने मराठी वाचकही घडवला.

यंत्र बनवणारं यंत्र

नांगर, पंप, चरक, काहीही करायचं म्हटलं तरी लेथ लागतोच. लेथला यंत्रांची आई म्हणतात ते उगाच नाही. गोल भाग त्याच्यावर घडतात, आणि एक लेथ दुसऱ्या लेथचे भागही घडवू शकतो. पण हे लेथ येत होते परदेशातून. म्हणजे वस्तू स्वदेशी, तरी ती बनवणारं यंत्र विलायती.

किर्लोस्कर याही कामात उतरले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रं मिळणं अवघड झालं. 1941 साली म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेच्या काठी हरिहरला, म्हैसूर किर्लोस्कर हा मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला. तिथले लेथ देशभरातल्या वर्कशॉपमध्ये, आयटीआयमध्ये आणि गावोगावच्या शेडमध्ये गेले. 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरूला विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. तोवर कारभार पुढच्या पिढीच्या हातात गेला होता. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून आलेले शंतनुराव त्यात आघाडीवर होते.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. ते ज्या स्टेशनवर उतरायचे त्या कुंडल रोडचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.

हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. तिथून नवा लेथ आता निघत नाही. पण जुने अजून फिरतात. एका वर्कशॉपमधून दुसऱ्यात जातात. बेड ग्राइंड होतो, बेअरिंग बदलतं, मोटार पुन्हा भरली जाते आणि मशीन पुन्हा कामाला लागतं. त्या मशीनवर शाफ्ट घासून मिळाला, की तो शेतकरी संध्याकाळच्या आत मोटार विहिरीवर बसवतो. रात्री लाइट आली की हरभऱ्याला पाणी सुरू होतं.