राजर्षी शाहू छत्रपती आणि सरकारी चाकरीचा न्याय

थोर राजांच्या चरित्रांतून लढाया आणि दानधर्म यांचे वर्णन पुष्कळ आढळते. पण त्यांनी आपल्या कचेरीत कारकून कोणास नेमले, हे सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक प्रजेस राज्याचा अनुभव येतो तो या कारकुनाच्याच हातून. म्हणून राजर्षी शाहू छत्रपतींच्या चरित्रातील हाच भाग यंदा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीस दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

त्या वर्षी संस्थानच्या सामान्य कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते आणि सुमारे ५०० कारकुनांपैकी ब्राह्मणेतर अवघे दहा. सारा भरणारा शेतकरी एका समाजाचा आणि तो मोजून घेणारा दुसऱ्या समाजाचा, अशी ही स्थिती. विद्या एका वर्गात साठलेली आणि शिफारस करणाराही त्याच वर्गातला. मग जागा बाहेर जावी कशी? महाराजांनी १८९५ साली भास्करराव जाधवांसारख्या विद्वान तरुणास संस्थानच्या सेवेत घेतले. परंतु एकट्यादुकट्या नेमणुकीने रीत पालटत नाही, हे त्यांनी ओळखले.

म्हणून त्यांनी प्रथम मुलांच्या राहण्याजेवणाची सोय पाहिली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढे जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा नाना समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. महाराज विलायतेस असतानाच २६ जुलै १९०२ रोजी तो प्रसिद्ध हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्यात. ज्या खात्यात त्यांचे प्रमाण कमी असेल तेथे पुढील नेमणूक त्यांच्यातूनच करावी. आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीस आपल्या नेमणुकांचा तक्ता सादर करावा, असा त्याचा आशय होता. नोकरीत असलेल्या कोणासही काढावयाचे नव्हते. आमच्या मते या हुकुमाचे खरे बळ त्या तिमाही तक्त्यात आहे. जेथे हिशेब मागितला जात नाही, तेथे उत्तम हुकूमही दप्तरातच पडून राहतो. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मणांची संख्या ३५ वर आली होती.

महाराज खेड्यापर्यंतही पोहोचले. गावचे दप्तर पिढीजात कुलकर्ण्यांच्या हाती असे. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनाच्या जाचातूनही लोकांस सोडविले. चाकरी ही कोणाची मिरास नव्हे, ती पगार घेऊन करावयाची लोकसेवा आहे, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. यावर टीकेचे मोहोळ उठले; कारभाराची गुणवत्ता खालावेल, असेही म्हटले गेले. तथापि १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढून महाराजांनी त्या आक्षेपाचे मूळच खणले.

१९१९ साली कानपूर येथे कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेने त्यांस राजर्षी ही पदवी अर्पण केली. म्हणजे ही पदवी एका ज्ञातिपरिषदेनेच दिलेली आहे. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आपल्या ज्ञातीतील कित्येकजण आज नगरपालिका, जिल्हा परिषद, शिक्षणसंस्था यांतून अधिकाराच्या जागी बसले आहेत. त्यांच्याकडे आप्तेष्ट चिठ्ठी घेऊन जातात, हे आपण सर्व जाणतो. एका ज्ञातीची मिरास मोडून तेथे दुसरीची बसवावी, असे महाराजांनी केले नाही. त्यांच्या वसतिगृहांची दारे अनेक समाजांस उघडी होती. आपल्या मुलांस शिकवून त्यांच्या न्याय्य हक्काची जागा मागणे हे ज्ञातिसेवेचे काम खरेच. परंतु नेमणुकीचा अधिकार हाती आला की आपल्याहून मागे राहिलेल्याचा विचार प्रथम करणे, हे त्याहून मोठे काम होय. तेवढे आपल्या हातून घडले, तरच या पुण्यश्लोक राजाचे स्मरण सार्थ झाले असे आम्ही मानू.