कामठीच्या पाठशाळेतील ताजुद्दीन

गुरुपौर्णिमेस व्यास-सांदीपनींचे स्मरण आपण करतोच. आज वाचकांस आम्ही कामठीच्या एका मदरशात नेऊ इच्छितो. रामटेकहून कीर्तनासाठी नागपुरास निघालो की कन्हान ओलांडताच हे छावणीचे गाव लागते. ताजुद्दीन बाबांचा जन्म येथलाच, सन १८६१ चा. वडील फौजेत सुभेदार होते. पितृछत्र शैशवातच हरपले, नवव्या वर्षी माताही गेली. आजी व मामा यांनी सांभाळ केला.

बाबा सहा वर्षांचे असता अब्दुल्ला शाह नामक सत्पुरुष मदरशात आले. हा मुलगा शिकूनच आला आहे, असे त्यांनी शिक्षकांस सांगितले व आपल्या मुखीची खारीक त्यास भरविली. तेव्हापासून बालक खेळ विसरून एकांती रमू लागले, अशी कथा आहे. तरी अध्ययन खंडले नाही. अरबी, फारसी, उर्दूचे पाठ पंधराव्या वर्षापर्यंत चालले, असे चरित्रकार सांगतात.

हेच वय नाजूक. पोरक्या मुलास देहातील पालट कोणी समजावावा? इस्लामी शिक्षणात हा भार गुरूवरच पडतो. सातव्या वर्षापासून नमाजाची सवय लावावयाची. मूल बालिग, म्हणजे वयात आलेले, झाले की नमाज-रोजा कर्तव्य ठरतो. त्यामुळे वयात आल्याच्या खुणा, स्वप्नावस्थेनंतरचे गुस्ल म्हणजे सर्वांगस्नान, हे शुद्धीच्या प्रकरणात सरळ शिकवावेच लागते. ऋतुकाळी नमाज माफ, रोजे मात्र मागाहून भरावयाचे, हे मुलींस शिक्षिका सांगतात. त्यात लाज नाही, भयही नाही.

आमची मुंज आठव्या वर्षी झाली. आमच्या गुरुजींनी संध्या उत्तम शिकविली. ब्रह्मचर्य हा शब्द मात्र उच्चारून ते पुढे सरकले. पुढे कित्येक वर्षे आम्ही स्वतःस पापी समजत राहिलो. अशा प्रसंगी स्नान, सूर्यपूजा व ऋचेचा तीनदा जप पुरे, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे. पण ते आम्हांस पंचविशीत, पोथी चाळताना सापडले!

असो. बाबा तरुणपणी पलटणीत शिरले, सागर येथे असता नोकरी सोडून विरक्त झाले. लोकांनी वेडे ठरविले. १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांची रवानगी झाली. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांस सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने ठेवले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांनी देह ठेवला. उमरेड मार्गावरील ताजबागेत त्यांच्या समाधीपुढे हिंदू व मुसलमान आजही एकाच रांगेत उभे असतात.