राजा रविवर्मा : नजरेने टिपलेली विद्या

महाराष्ट्रातील जुन्या घरांत एके काळी हमखास आढळणारी कमळावरची लक्ष्मी आणि वीणाधारिणी सरस्वती राजा रविवर्मा यांच्या कुंचल्यातून उतरल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ज्या तैलरंगांनी या चित्रकाराला कीर्ती मिळवून दिली, ते रंग हाताळण्याची विद्या त्यांना कोणत्याही गुरूने समोर बसवून दिली नव्हती. ती त्यांनी दुरून पाहून, बरेचसे चाचपडत मिळवली.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळमधील किळिमानूर येथे झाला. त्यांचे मामा राजा राजा वर्मा हे तंजावर शैलीत चित्रे काढीत. भाच्याच्या हातातील गुण त्यांनीच प्रथम ओळखला. तंजावर शैलीत फळीवर कापड चिकटवून त्यावर चित्र रंगवले जाते, दागिने उठावदार करून त्यांवर अस्सल सोन्याचा वर्ख चढवतात. पाण्यात कालवलेले रंग लवकर सुकतात, म्हणून आकृती ठाशीव रेषेत बांधावी लागते. रविवर्मांची चित्रकलेशी पहिली ओळख झाली ती अशी.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, मामांनी त्यांना तिरुअनंतपुरमला त्रावणकोरचे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. तेथे प्रथमच त्यांना पाश्चात्त्य पद्धतीची चित्रे मनसोक्त पाहावयास मिळाली. तैलरंगांचे तंत्र जाणणारे रामस्वामी नायकर हेही दरबारात होते. परंतु या होतकरू मुलात त्यांना उद्याचा प्रतिस्पर्धी दिसला असावा. त्यांनी शिकवण्यास नकार दिला. नायकरांचे साहाय्यक अरुमुगम पिल्लई यांनी मात्र आपल्या गुरूच्या नकळत रविवर्मांना काही प्राथमिक गोष्टी दाखवल्या, असे चरित्रकार सांगतात.

१८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार राजघराण्यातील व्यक्तिचित्रे रंगवण्यासाठी त्रावणकोरला आले. शिकवण्याची त्यांचीही तयारी नव्हती. महाराजांच्या शब्दाखातर त्यांनी एवढेच मान्य केले, की आपण काम करीत असताना रविवर्मांनी ते पाहावे. वीस वर्षांच्या रविवर्मांनी या परवानगीचे सोने केले.

माध्यमाचा स्वभाव

तैलरंगांत नुसत्या पाहण्याने कळण्याजोगे थोडे आणि चुकून कळण्याजोगे पुष्कळ असते. या रंगांचा बंधक म्हणजे जवसाचे तेल. पाणी उडून जाते तसे ते उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. दोन छटा ओल्या असतानाच एकमेकींत मिसळता येतात. गालावरचा उजेड हनुवटीच्या सावलीत कोठे विरला, ते रेषेवाचून दाखवता येते. मात्र त्यासाठी कॅनव्हासला आधी सरस व अस्तर लावावे लागते, नाहीतर तेल कापडात मुरून ते कुजते. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, कमी तेलाचे असावे लागतात, तर वरचे अधिक तेलाचे. हा क्रम उलटला, की वरचा थर आधी सुकतो आणि पुढे त्याला तडे जातात.

तयार तैलरंग तेव्हा परदेशातून येत. १८४१ मध्ये धातूच्या नळीचा शोध लागल्यापासून ते दूरवर नेणे सोपे झाले होते. पण नळी हाती आली म्हणून विद्या हाती येत नाही. ती रविवर्मांनी पुढील पाच वर्षांत कमावली. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात, केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या त्यांच्या चित्राला गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नातील प्रदर्शनातही त्यांच्या कामाचा गौरव झाला.

दोन भावांची चित्रशाळा

१८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या राज्याधिकारप्राप्तीच्या सोहळ्यानिमित्त रविवर्मा बडोद्यास आले. त्यासाठी पुढाकार घेतला तो दिवाण सर टी. माधवराव यांनी. तंजावरच्या मराठी कुळातील माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते. १८८८ मध्ये बडोदे दरबाराने त्यांच्यावर चौदा पौराणिक चित्रांची कामगिरी सोपवली. त्या चित्रांसाठी देवादिकांना कोणता वेश द्यावा, याच्या शोधात त्यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला.

या साऱ्या खटाटोपात त्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा सावलीसारखे सोबत असत. ते स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होते. अनेक चित्रांतील पार्श्वभूमीवर त्यांचा हात फिरलेला आहे. त्यांनी ठेवलेल्या इंग्रजी रोजनिशीमुळेच या फिरत्या चित्रशाळेचा दिनक्रम आज कळतो.

एखादे तैलचित्र राजवाड्यात गेले, की सामान्यांना त्याचे दर्शन दुर्मिळ होई. यावर उपाय म्हणून रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. त्यासाठी जर्मन तंत्रज्ञ आणले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून, एकावर एक रंग छापून ‘ओलिओग्राफ’ निघत. चित्रे घरोघरी गेली, पण व्यवहार जमला नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलवावा लागला आणि कर्ज वाढत गेले. अखेर १९०१ मध्ये तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकण्यात आला.

जानेवारी १९०५ मध्ये राजा राजा वर्मांचे निधन झाले. हा आघात रविवर्मांना फार काळ सोसावा लागला नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. १९७९ मध्ये रविवर्मांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा मिळाला.

बडोदे, म्हैसूर, तिरुअनंतपुरम येथे त्यांचे मूळ कॅनव्हास पाहता येतात. ते पाहताना एकदा दागिन्यांच्या अगदी जवळ जावे. मामांच्या चित्रांत खरा वर्ख असे. भाच्याच्या चित्रात सोन्याचा कणही नाही. यलो ऑकर, थोडा तपकिरी आणि कडेला फिकट पिवळ्याचा एक जाड ठिपका. चार पावले मागे सरले, की तोच ठिपका नायिकेच्या गळ्यात सोने होऊन लखलखतो.